गोठ्यातला मृत्यू आणि पंचनाम्यातली एक ओळ



या मालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, आपल्या सीमाभागातल्या शिलालेखांवर अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. मी तालुक्याच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली केलेला माणूस. साहित्याशी माझा संबंध वाचकाचा आणि इतिहासाशी हौशी माणसाचा. तेव्हा विषयही कोर्टाच्या पायरीवरचाच घेतला आहे. घरचे जनावर माणसाला मारते, तेव्हा ते खरोखर त्यानेच मारले हे ठरवायचे कसे, आणि निरनिराळ्या काळांत लोकांनी ते कसे ठरवले, असा तो विषय आहे. तो ऐकल्यावर चालकांपैकी एकांनी मला विचारले, "म्हणजे वाघ-बिबट्यांवर बोलणार का?" वाघावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बैलावर, म्हशीवर, डुकरावर या अंगाने कोणी फारसे लिहीत नाही. ती पडली घरची.

माझ्या डोक्यात हा विषय एका दाव्यामुळे शिरला. वकिलीचे तिसरे-चौथे वर्ष असेल. बेंदूर होऊन महिना झाला असेल-नसेल, तोच एक बाई कापडी पिशवीत कागद घेऊन आली. तिचा नवरा बेंदराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे वैरण टाकायला गोठ्यात गेला आणि पोटाला जखम होऊन तिथेच पडला. दावणीला खिलारी बैल होता, शिंगांना सणाचे हिंगूळ तसेच होते. पंचनाम्यात मजकूर एवढाच, की बैलाने शिंग मारल्याने पोटास जखम होऊन मयत. शवविच्छेदनाच्या कागदात पोटाच्या उजव्या बाजूस जखम आणि आत रक्तस्राव, बस्स. जखम किती लांब, किती खोल, वर गेली की खाली, कडा कापल्यासारख्या की फाटल्यासारख्या, यांपैकी एक अक्षर नाही.

नवऱ्याचा अपघाती विमा होता. विमा कंपनीने खोडा घातला. जखम शिंगाची कशावरून, सुऱ्याची कशावरून नाही? धाकट्या दिराशी वाटणीचा दावा चालू होता, ही गोष्ट त्यांनी कुठून तरी शोधून काढलेली. शिंग मोजावे म्हटले तर बैल कुठे होता? माणूस मारलेले जनावर दारात नको, म्हणून लगेचच्या आठवडी बाजारात तो विकला गेला होता. चार वर्षांनी तडजोडीत बाईला निम्मी रक्कम मिळाली. त्या दिराकडे मात्र गाव पुढे कायम तिरक्या नजरेने पाहत राहिले. तो निर्दोष होता की नाही हे मला आजही सांगता येत नाही. त्यालाही ते कधी सिद्ध करून दाखवता आले नाही.

तेव्हापासून जुने कायदे, जुने निवाडे वाचताना असल्या मृत्यूची नोंद दिसली की मी तिथे थांबतो. आज जे सांगणार आहे ते या थांबण्यातून गोळा झालेले आहे.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात साव्हिन्यी नावाचे गाव आहे. १४५७ सालच्या जानेवारीत तिथल्या जहागिरीच्या न्यायालयापुढे एक डुकरीण आणि तिची सहा पिले उभी करण्यात आली. पाच वर्षांच्या एका मुलाला डुकरिणीने मारले असा आरोप होता. ती कृत्य करतानाच सापडली होती. साक्षी झाल्या, मालकाला म्हणणे विचारले गेले, आणि डुकरिणीला मागच्या पायांनी झाडाला टांगून मारावे असा निकाल झाला. पण मला सांगायचे आहे ते पिलांचे. पिलांच्या अंगाला रक्त लागलेले होते. गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. तरीही न्यायाधीशाने त्यांना शिक्षा दिली नाही. रक्त लागले आहे एवढ्यावरून त्यांनी चावा घेतला हे सिद्ध होत नाही, असे त्याने ठरवले. पिले मालकाच्या ताब्यात द्यावीत, पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा आला तर त्याने ती हजर करावीत, अशी अट घातली. मालक हमी द्यायला तयार होईना. तेव्हा काही दिवसांनी पिले जहागीरदारीणबाईंच्या मालकीची म्हणून जमा झाली.

मध्ययुगीन युरोपात जनावरांवर खटले चालत, ही गोष्ट हल्ली गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. एडवर्ड इव्हान्स या अमेरिकी लेखकाने १९०६ साली या खटल्यांवर एक मोठे पुस्तक काढले आणि तेव्हापासून त्यातली उदाहरणे फिरत राहिली आहेत. सर्वांत जास्त फिरते ते नॉर्मंडीतल्या फालेझ गावचे. १३८६ साली तिथे एका डुकरिणीला तान्ह्या मुलाला मारल्याबद्दल फाशी दिली गेली. तिला माणसाचे कपडे घातले होते आणि तिथल्या चर्चच्या भिंतीवर त्याचे चित्र होते, असे सांगतात. फाशी देणाऱ्याला दहा सू दहा दनिए मजुरी मिळाली आणि वर नव्या हातमोज्याचे पैसे मिळाले, ही पावती अस्सल आहे. कपड्यांची आणि चित्राची हकीकत मात्र मागाहून लिहिणाऱ्यांची. चित्र एकोणिसाव्या शतकात चुन्याखाली गेले, त्यामुळे ताडून पाहायची सोयही उरली नाही. वकिलाला पावती आवडते. बाकीचे मी ऐकीव म्हणूनच सांगतो.

तेव्हा हसण्यापूर्वी साव्हिन्यीच्या पिलांकडे पाहावे. त्या काळी डुकरे गल्लीबोळांतून मोकळी हिंडत, उकिरडा साफ करत. आई कामावर आणि मूल पाळण्यात, दार उघडे. अशा घरात डुक्कर शिरले की काय होते ते सांगायला नको. मेलेल्या मुलाकडे पाहून सगळे गाव पेटलेले असताना, अंगाला रक्त लागलेल्या सहा पिलांना एक न्यायाधीश संशयाचा फायदा देतो. जनावराला आरोपी करणे ही चूक खरी. पण आरोपी केल्यावर पुराव्याचा नियम त्याने त्यालाही लावला. माझ्या अशिलाच्या दिराला गावाने तो लावला नाही.

साव्हिन्यीचा भर साक्षीदारांवर होता. प्रेताकडून साक्ष काढायची विद्या त्याच्या दोनशे वर्षे आधी चीनमध्ये पुस्तकात उतरली होती. सुंग राजवटीत सुंग त्स नावाचा एक न्यायाधिकारी होऊन गेला. १२४७ साली त्याने प्रेताच्या तपासणीवर एक पुस्तक लिहिले. नावाचा अर्थ साधारण 'अन्याय धुऊन काढणे' असा होतो. तपासणी अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जावे, दुर्गंधी येते म्हणून दूर बसून हाताखालच्या माणसांकडून ऐकून लिहू नये, असा त्याचा आग्रह. आपल्याकडे किती पंचनामे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहिले जातात, हे इथे बसलेल्या वकील मंडळींना मी सांगायला नको.

या पुस्तकात जनावराने मारलेल्या माणसांवर एक लहानसे प्रकरण आहे. घोड्याने तुडवलेल्या माणसाचा रंग किंचित पिवळट दिसतो, हात पसरलेले असतात, तोंडानाकातून बरेचदा रक्त आलेले असते आणि डाग काळे पडतात. टाप वर्मी लागली तर हाडे मोडतात, आतडी बाहेर येतात. वर्मी लागली नाही तर कातडी सोलवटते, वळ उठतो, पण तेवढ्याने माणूस मरत नाही. गाढवाच्या पायाची खूण लहान असते. बैलाचे शिंग लागून कातडी फाटली नसली, तरी त्या जागी लालसर सूज येते. जागा बहुधा छाती, ओटीपोट किंवा बरगड्या. आणि इतके सांगून झाल्यावर तो पुस्ती जोडतो, की हे असेच असते असे धरून चालू नये. आठशे वर्षांपूर्वीचा अधिकारी गाढवाची खूण आणि घोड्याची खूण वेगळी मोजतो, आणि वर स्वतःच्याच नियमाला अपवाद ठेवतो. कातडी न फाटता शिंग मारू शकते, हे तर आज शिकलेल्या माणसालाही पटवून द्यावे लागते.

आता आपल्या घरात येऊ. कौटिल्याचे अर्थशास्त्र शतकानुशतके हरवल्यासारखे होते. म्हैसूरच्या ग्रंथालयात त्याची पोथी शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ साली ते छापले गेले. त्याच्या चौथ्या अधिकरणात आशुमृतकपरीक्षा नावाचा अध्याय आहे. अचानक मेलेल्या माणसाच्या देहाला तेल लावून तपासणी करावी, असे तो सांगतो. तेलाने हवाबंद होऊन देह टिकावा म्हणून की कातडीवरच्या खुणा उठून दिसाव्यात म्हणून, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. पुढे गळा दाबून मारलेला, फास लावलेला, पाण्यात बुडवलेला, काठी-दगडाने मारलेला, उंचावरून टाकलेला, विष दिलेला, साप-किडा चावलेला, अशा प्रत्येकाची लक्षणे दिली आहेत. शिंगाने मारलेल्याचे वेगळे लक्षण त्या यादीत नाही. पण खून करून त्याला दुसरे रूप दिले जाते, हे कौटिल्य पुरेपूर ओळखतो. मेलेल्याचे कोणाशी वैर होते, वाटणीवरून भांडण होते का, हेही विचारावे असे त्याचे सांगणे आहे. त्या दिराला हा अध्याय जड गेला असता, किंवा त्यानेच त्याला वाचवले असते.

शिंगे असलेल्या जनावरांचा विषय कौटिल्य आणि याज्ञवल्क्य दोघेही दंडाच्या प्रकरणात घेतात. शिंगाच्या किंवा सुळ्यांच्या जनावराने कोणावर झडप घातली आणि मालक सोडवायला समर्थ असून सोडवीत नाही, तर त्याला पहिल्या प्रतीचा दंड. सापडलेल्या माणसाने ओरडून हाक मारली असेल, तर दुप्पट. याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने. हैदराबाद संस्थानातल्या मराठी घरांना ते गाव परके नाही. या नियमात मला विशेष वाटते ते हे, की प्रश्न जनावराच्या स्वभावाचा नाहीच. प्रश्न आहे तो हाकेचा. माणूस ओरडला होता का, ती हाक मालकाला ऐकू गेली का? म्हणजे तपास शेजाऱ्यांच्या कानांपर्यंत जातो.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे आजपासून जवळजवळ पावणेचार हजार वर्षांमागे, दुसराच प्रश्न विचारलेला दिसतो. रस्त्याने जाताना बैलाने कोणाला मारले तर दावा नाही. पण बैल मारका आहे हे पेठेतल्या लोकांनी मालकाला बजावले असेल, आणि त्याने शिंगे झाकली नसतील किंवा बैल बांधून ठेवला नसेल, तर अर्धा मीना चांदी. मेलेला गुलाम असेल तर एक-तृतीयांश. ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या नियमाने बैलाला दगडांनी मारायचे आणि त्याचे मांस खायचे नाही. तो आधीपासून मारका असल्याचे मालकाला सांगून झालेले असेल, तर मालकाच्याही जिवावर बेतते. एका बाजूला हाक, दुसऱ्या बाजूला आधीची समज. दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रेतावर सापडत नाहीत, ती गावात सापडतात.

इंग्रजांच्या पद्धतीकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण आपल्या पंचनाम्याचे गोत्र तिकडे जाते. तिथे ११९४ पासून कॉरोनर हा राजाचा अधिकारी आहे. संशयास्पद मृत्यू झाला की त्याने जायचे, आसपासच्या गावांतले पंच जमवायचे आणि प्रेत समोर ठेवून चौकशी करायची. पहिल्या एडवर्डच्या काळातल्या, १२७६ च्या कायद्यात जखमांची लांबी, रुंदी, खोली, त्या शरीराच्या कोणत्या भागावर आहेत आणि कोणत्या हत्याराने झाल्या असाव्यात, हे नोंदवायला सांगितले आहे. प्रेत प्रथम कोणाला दिसले, याचीही नोंद. माझ्या बाईच्या कागदात जे काही नव्हते, ते या सातशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात ओळीने मागितलेले आहे.

पण या चौकशीला एक शेपूट होते. ज्या वस्तूने किंवा जनावराने माणूस मेला, त्याची किंमत पंचांनी ठरवायची आणि ती राजाकडे जमा व्हायची. याला ते डिओडँड म्हणत, म्हणजे देवाला द्यायचे ते. नाव देवाचे आणि तिजोरी राजाची. घोड्याची लाथ लागून कोणी मेला की घोड्याचा भाव निघे. पंचही गावचेच, ते शेजाऱ्याच्या घोड्याची किंमत पडती सांगत. मेलेल्याच्या बायकामुलांना त्यातले मिळायलाच हवे, असा हक्क काही नव्हता.

ही पद्धत सहाशे वर्षे टिकली आणि तिला मारले ते आगगाडीने. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी सॉनिंगजवळ डोंगर कापलेल्या जागी घसरून आलेल्या मातीवर आदळली. मेलेले बहुतेक मजूर होते. पंचांनी इंजिन आणि डबे यांवर हजार पौंडांचा डिओडँड लावला. तो पुढे टिकला नाही. पण अशा आकड्यांनी रेल्वे कंपन्या हादरल्या. बैल किंवा गाडा जमा होत होता तोवर कोणाची हरकत नव्हती. इंजिनावर पाळी आली तेव्हा कायदा अन्यायाचा वाटू लागला. १८४६ मध्ये डिओडँड रद्द झाला आणि त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने मेलेल्याच्या वारसांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मिळाला. हिंदुस्थानात तो १८५५ च्या तेराव्या कायद्याने आला. बैलाकडे बोट दाखवणारा कायदा मेलेल्याच्या घराकडे वळला तो इथे. पण त्यामुळे जखमेच्या वर्णनाला पैशाची किंमत आली. हक्क मिळाला, तो सिद्ध करायचा कागद मात्र प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत २८९ वे कलम आले. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. नव्या न्यायसंहितेत हे २९१ वे कलम आहे आणि दंड पाच हजार झाला आहे. आणि फौजदारी प्रक्रियेचे १७४ वे कलम, जे आता १९४ आहे, त्यात पोलिसांनी कोणत्या मृत्यूंची चौकशी करायची त्याची यादी आहे. आत्महत्या, दुसऱ्याने केलेला वध, जनावराने मारलेला, यंत्राने मारलेला, अपघाताने मेलेला. जनावर या यादीत माणसाच्या लगेच पाठोपाठ आहे. दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेतावरच्या जखमा, हाडांची मोडतोड, वळ यांचे वर्णन करायचे आणि त्या कोणत्या हत्याराने झाल्या असाव्यात ते लिहायचे. म्हणजे १२७६ चा कायदा इथेही शिल्लक आहे. तो वाचून अमलात आणणारा मात्र भेटावा लागतो.

जखम वाचायची कशी, हे मला एका डॉक्टर मित्रांनी शिकवले. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून, स्वतःच्या मांडीवर बोट आपटत ते समजावून देत. बैल मान खाली घालून येतो आणि डोके वर झटकतो. त्यामुळे जखम बहुधा मांडी, जांघ, ओटीपोट, बरगड्यांच्या खालची बाजू इथे असते आणि खालून वर गेलेली असते. सुरा मारणारा माणूस सहसा तसा मारत नाही. कातडीवरचे भोक लहान दिसते, पण आत गोंधळ मोठा. शिंग आत असतानाच बैल डोके हलवतो, माणूस शिंगावर फिरतो, आणि एकाच भोकातून आत दोन-तीन वाटा फुटतात. कडा फाटलेल्या, खरचटलेल्या असतात, आणि आतले काही धागे तुटायचे राहून जखमेत आडवे पुलासारखे दिसतात. धारेच्या हत्याराने ते साफ कापले जातात. जखमेत माती, शेण, केस, क्वचित शिंगाचा टवका मिळतो. कातडी शाबूत आणि आत आतडे फाटलेले, असेही होते. सुंग त्सची लाल सूज ती हीच. भिंतीशी किंवा गव्हाणीशी चेपून मेलेल्याचा चेहरा काळानिळा होतो, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके येतात, बरगड्या मोडतात, बाहेर जखम नसतेच.

शिंगाच्या जखमांचे बारीक ज्ञान स्पेनमधल्या बैलझुंजीच्या आखाड्यांतल्या शल्यवैद्यांनी जमवले. अशी जखम झालेला माणूस वाचला तरी पुढे तिच्यातल्या विषाने मरे. माद्रिदच्या आखाड्याबाहेर पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगचा पुतळा आहे, तो झुंजणाऱ्यांनी १९६४ साली उभारला. आपल्याकडे गोव्यात धिरयो होत. १९९६ साली अशा झुंजीत एक माणूस मेला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धिरयोंवर बंदी आली. तिथे निदान शेकडो माणसांनी पाहिलेले होते. गोठ्यात पहाटे साक्षीदार कोण असणार?

म्हणून गोठ्यातला दुसरा देहही तपासायचा, म्हणजे बैलाचा. दोन्ही शिंगांचे फोटो, टोकापासून जाडीचे माप, उभ्या बैलाच्या शिंगाची जमिनीपासूनची उंची. मेलेल्याच्या टाचेपासून जखमेची उंची. शिंगावर रक्त असेल तर ते पुसण्यापूर्वी कापसाच्या बोळ्यावर घेणे. ते माणसाचे की जनावराचे, आणि कोणत्या माणसाचे, हे आज प्रयोगशाळा सांगते. जातीजातींत शिंगे वेगळी. खिलारीची लांब, टोकदार, मागे जाऊन वर उठणारी. तिकडे गीरची अर्धचंद्रासारखी वळलेली, पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी खांद्यापर्यंत मागे गेलेली, मुऱ्हा म्हशीची कानाशी गुंडाळी. मुऱ्हा म्हशीने भोक पाडले असे कोणी लिहिले, तर विचारावे लागेल. बेंदराला, पोळ्याला शिंगे तासतात, टोकाला पितळी शेंब्या घालतात. शेंबी घातलेल्या शिंगाची जखम आणि उघड्या शिंगाची जखम एकसारखी असणार नाही. बाईच्या बैलाला त्या दिवशी शेंब्या होत्या की नव्हत्या? शिंगांवरच्या हिंगुळाचा कण जखमेत सापडता, तर सगळा वाद तिथेच मिटला असता. हे मला पुष्कळ उशिरा सुचले.

इतकी विद्या असूनही उत्तर मिळेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात सत्तरीच्या घरातला एक शेतकरी आपल्या डुकरांना खायला घालायला गेला, तो परत आला नाही. घरच्यांनी काही तासांनी जाऊन पाहिले तर वाड्यात त्याची दातांची कवळी आणि देहाचे थोडे अवशेष. डुकरे सातशे पौंडांपर्यंतची. त्याला आधी हृदयविकाराचा झटका आला आणि तो पडल्यावर डुकरांनी खाल्ले, की त्यांनीच त्याला पाडले, की आणखी कोणी काही केले? जिवंतपणी झालेल्या जखमेत रक्त उतरते, कडा सुजतात. मेल्यावर झालेल्या चाव्याच्या कडा फिक्या, कोरड्या असतात. पण त्यासाठी कातडी तरी उरायला हवी. अवशेष विद्यापीठातल्या अस्थितज्ज्ञांकडे गेले. मृत्यूचे कारण ठरवता येत नाही, असे उत्तर आले. साडेपाचशे वर्षांनी पुन्हा साव्हिन्यीच्या पिलांपाशी: तोंडाला रक्त आहे, पण मारले कोणी?

मी त्या उत्तराला नावे ठेवत नाही. 'सांगता येत नाही' हे सगळे पाहून झाल्यावर लिहिलेले उत्तर आहे. आपल्याकडे न पाहता 'बैलाने मारले' असे लिहून अकस्मात मृत्यूची फाइल बंद होते, तो प्रकार निराळा. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दोन लाख रुपये देण्याची योजना आहे. तीही शेवटी कागदांवरच चालते. ज्या घरात कर्ता माणूस गोठ्यात गेला, त्या घराला त्या दिवशी टेप घेऊन शिंग मोजायचे सुचणार नाही, बैल विकू नका असे कोणी सांगावे लागेल. सांगणारा तलाठी असो, पोलीसपाटील असो, गुरांचा डॉक्टर असो. गुरांच्या डॉक्टरला तर अशा चौकशीत कोणी बोलावल्याचे माझ्या पाहण्यात एकदाही आले नाही. वास्तविक बैल बुजरा की मारका, त्याला वेदना होती का, पायाला जखम होती का, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

ती बाई तडजोडीचे पैसे घ्यायला आली, त्या दिवशीची एक गोष्ट राहिली. सह्या झाल्या, पिशवीत कागद गेले, आणि दारातून वळून ती म्हणाली, "बैल मारका नव्हता, वकीलसायेब. पोरं त्याच्या पोटाखालनं जायची. त्या पहाटे कुत्री लई भुंकत हुती." चार वर्षांत हे मी तिला विचारले नव्हते. पोलिसांनीही विचारले नव्हते, विमा कंपनीनेही नाही. कुत्री कोणाला भुंकत होती हे मी त्या वेळीही विचारू शकलो असतो. पण दावा निकाली निघाला होता, आणि पुढचा पक्षकार बाकावर बसलेला होता.